बंद खाणींवरील निसर्गक्षेत्रे : राखायची कोणापासून आणि कशी?

गवताळ (धागालेखन)

उघड्या खाणी बंद पडल्यावर तेथे निसर्ग परत येतो, हे आता वेगळे सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. जर्मनीच्या पूर्व भागातील लाउझिट्स या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) पट्ट्यात १९९० नंतर बहुतेक खाणी थांबल्या आणि मागे उरली ती उघडी वाळू, खोल खड्डे आणि मैलोन्‌मैल पसरलेले दगडमातीचे ढिगारे. आज त्याच जागी शरद ऋतूत हजारो क्रौंच आणि रानहंस उतरतात, उथळ डबक्यांत भेकांची वीण होते, वाळूच्या उभ्या कड्यांत बिळे करणारे पक्षी वस्ती करतात. या धाग्यात मला त्यापुढचा प्रश्न मांडायचा आहे. परत आलेला हा निसर्ग राखायचा कसा आणि मुळात कोणापासून?

जंगलाचे अभयारण्य होते तेव्हा त्या जमिनीच्या नोंदी, तिच्यावरचे हक्क आणि तिला लागू असणारे कायदे यांतील बरेच काही आधीपासून वनाशी जोडलेले असते. खाणीची जमीन मात्र कागदोपत्री उद्योगाची असते. तिथे दुर्मीळ गवत उगवले किंवा पक्ष्यांनी घरटी केली, म्हणून त्या कागदात आपोआप काहीही बदलत नाही. शिवाय ‘ही जमीन आधीच बिघडलेली आहे’ हा समज इतका पक्का असतो की सौरप्रकल्प, कचराभूमी, जलक्रीडा केंद्र किंवा व्यापारी लागवड यांपैकी कशासाठीही जागा हवी असली, तरी पहिले बोट तिच्याकडेच वळते. खाण चालू असते तोवर निदान परके कोणी आत येत नाही. ती बंद होऊन कुंपण निघाले की खरा धोका सुरू होतो.

लाउझिट्स आणि आसपासच्या पट्ट्यात यावर सापडलेले एक उत्तर अगदी सरळ होते, ते म्हणजे जमीन विकत घेणे. हाइन्झ झीलमान प्रतिष्ठानाने वानिंखेन येथे २००० पासून खाणक्षेत्रातील जमीन घेतली आणि ते क्षेत्र आता ३,००० हेक्टरांहून मोठे आहे. नाबू या निसर्गसंरक्षण संघटनेच्या प्रतिष्ठानाने २००३ पासून ग्रुनहाउस येथे सुमारे २,००० हेक्टर घेतले. बुंड या पर्यावरण संघटनेने बिटरफेल्डजवळच्या गोइत्शे येथे लोकांच्या देणग्यांतून सुमारे १,३०० हेक्टर मिळवले. हे व्यवहार झाले, तेव्हा या जमिनींना बाजारात फारसे मोल नव्हते. पंधरा-वीस वर्षे थांबून, तळी भरून, किनारे हिरवे झाल्यावर हेच करायला गेले असते तर ते जमले असते, असे मला वाटत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की संरक्षणाची सगळी तजवीज खाण चालू असतानाच, ती बंद करण्याच्या आराखड्यात, मालकी आणि पैशासह लिहून घ्यायला हवी. नंतर उरते ती केवळ विनंती. जाणकारांनी यात भर घालावी आणि जिथे पटत नसेल तिथे स्पष्टपणे विरोध करावा.

---

कातळ

मुद्दा मोलाचा आहे. मात्र मालकी कोणाची हे ठरवण्याआधी आपण नेमके काय राखणार आहोत हे ठरले पाहिजे, कारण या क्षेत्रांचा सर्वाधिक नाश अनेकदा चांगल्या हेतूने होतो.

खाणीच्या जागेचे खरे वैभव तिच्या दारिद्र्यात असते. उघडी वाळू, नत्राचा अभाव, उंचसखल पृष्ठभाग, उन्हाने तापणारे उतार आणि पावसाळ्यापुरती टिकणारी डबकी या गोष्टी भोवतालच्या खतावलेल्या, नांगरलेल्या प्रदेशातून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. ज्या जीवांना अशीच जागा लागते, त्यांच्यासाठी खाण हा शेवटचा आसरा ठरतो. ‘पुनःस्थापन’ म्हणून त्यावर सुपीक मातीचा थर पसरला, जमीन सपाट केली आणि एकाच जातीची रोपे ओळीने लावली की हा आसरा संपतो. चेक प्रजासत्ताकात मोस्त आणि सोकोलोव येथील ढिगाऱ्यांवर वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि मृदाशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तांत्रिक पुनःस्थापन केलेल्या भागांपेक्षा आपोआप हिरव्या होऊ दिलेल्या भागांत दुर्मीळ जाती अधिक आढळतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. तरीही तेथील नियमांचा भर बराच काळ शेती किंवा वन परत उभे करण्यावरच राहिला.

अमेरिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७७ च्या पृष्ठीय खाणविषयक केंद्रीय कायद्याने कंपन्यांवर जमिनीला जवळपास मूळचा उंचसखलपणा परत देण्याचे बंधन घातले. हेतू योग्य होता, कारण त्यापूर्वी उघडे कडे आणि घसरते उतार तसेच सोडून दिले जात. परंतु उतार स्थिर ठेवण्यासाठी अवजड यंत्रांनी माती इतकी दाबली गेली आणि धूप थांबवण्यासाठी इतके आक्रमक गवत पेरले गेले की ॲपलेशियाच्या डोंगरांत जिथे मिश्र जंगल होते तिथे झाडाचे मूळच खाली जाईना. २००४ मध्ये त्या भागातील शासकीय यंत्रणा आणि संशोधक एकत्र आले आणि त्यांनी उलटी पद्धत पुढे आणली. वरचा किमान चार फुटांचा थर सैल ठेवायचा, गवत विरळ पेरायचे आणि मगच स्थानिक झाडे लावायची. कायदा पाळूनही निसर्ग कसा अडू शकतो, हे त्या मधल्या पाव शतकाने दाखवून दिले.

---

गवताळ

@कातळ, पूर्ण सहमत. एक पुरवणी जोडतो. त्याच दाबलेल्या, झाडे न उगवणाऱ्या गवताळ खाणभूमींवर हेन्स्लोची चिमणी आणि तिच्यासारखे माळरानावरचे पक्षी मोठ्या संख्येने राहू लागले, कारण त्यांची मूळची गवताळ राने नांगराखाली गेली होती. म्हणजे एकाच्या दृष्टीने फसलेले पुनःस्थापन दुसऱ्यासाठी अधिवास ठरले. त्यामुळे ‘मूळ जंगल परत आणा’ हा आदेशही सरसकट देता येत नाही. आधी तेथे आज कोण राहते आहे याची नोंद व्हावी आणि मगच यंत्रे आत सोडावीत, एवढी सक्ती नियमांत असली तरी पुष्कळ साधेल.

---

पाणलोट

माझा संबंध भूजलाच्या कामाशी आहे, म्हणून दोघांनाही थोडे थांबवतो. वरची चर्चा वाचताना असे वाटते की जमीन घेतली, कुंपण घातले आणि हात लावला नाही की संरक्षण झाले. खाणीच्या जमिनीवर तसे होत नाही, कारण ती अजून स्थिर झालेली नसते.

उघडी खाण कोरडी ठेवण्यासाठी दशकानुदशके भूजल उपसलेले असते. उपसा थांबला की पाणी वर येऊ लागते आणि सैल टाकलेल्या वाळूच्या ढिगाऱ्यांत शिरते. अशी पाण्याने भरलेली वाळू एखाद्या लहानशा धक्क्यानेही द्रवासारखी वाहू लागते. १८ जुलै २००९ रोजी जर्मनीतील नाखटरश्टेट येथे जुन्या खाणीत भरत असलेल्या कोंकोर्डिया तळ्याचा काठ घरांसकट खाली गेला आणि ३ माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी लाउझिट्समध्ये श्प्रेटाल येथे मोठे क्षेत्र खचले, आणि त्यानंतर त्या प्रदेशातील हजारो हेक्टर जमीन लोकांना बंद करावी लागली. माणसांचा वावर थांबल्याने प्राण्यांना शांतता मिळाली, हे खरे. पण तेच ढिगारे स्थिर करण्यासाठी स्फोट घडवून किंवा कंपन देऊन वाळू घट्ट करतात आणि त्यात वर उगवलेले सारे उद्ध्वस्त होते. निसर्गक्षेत्राच्या मधोमध असे काम करायचे की नाही, किती करायचे आणि कुठे केवळ प्रवेशबंदीवर भागवायचे, हे निर्णय प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे घ्यावे लागतात.

दुसरा विषय पाण्याच्या गुणवत्तेचा. खडकातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा आणि पाणी लागले की सल्फ्युरिक आम्ल आणि लोह सुटते. अशा खाणतळ्यांचा सामू ३ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. लोहाचा गाळ पुढे नद्यांत जातो, श्प्रे नदीचे पाणी काही भागात तपकिरी झाले ते त्यामुळेच. धातूंच्या खाणीत हे आणखी गंभीर होते. अमेरिकेत मोंटाना राज्यातील ब्यूट येथील बर्कली पिट ही तांब्याची खाण १९८२ मध्ये बंद झाली, उपसा थांबला आणि तिचे आम्लयुक्त, धातूमिश्रित तळे झाले. १९९५ मध्ये स्थलांतराच्या काळात तेथे उतरलेले ३४२ हिमहंस मेलेले आढळले आणि २०१६ मध्ये तर हजारो हिमहंसांचा बळी गेला. पक्ष्यांना ते तळे आणि स्वच्छ पाण्याचे तळे यांत फरक करता येत नाही. तेथे पक्षी उतरू नयेत म्हणून आवाज करून त्यांना हुसकावणे हेच संरक्षण ठरते.

तात्पर्य, अशा जागी संरक्षणाचा खर्च एकदाच होत नाही. चुना टाकणे, पाणी शुद्ध करणे, काठांवर लक्ष ठेवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. पूर्व जर्मनीत १९९० पूर्वीच्या लिग्नाइट खाणींच्या सफाईवर आतापर्यंत १० अब्ज युरोंहून अधिक सार्वजनिक पैसा खर्च झाला आहे आणि काम संपलेले नाही.

---

उन्हाळी

मला विरोधी बाजू मांडायची आहे. हवामानबदलाला तोंड द्यायचे तर सौरऊर्जेसाठी जमीन लागणारच. ती शेतजमिनीतून घेऊ नका, जंगलातून घेऊ नका, माळरानातून घेऊ नका, आणि आता खाणीतूनही घेऊ नका, असे म्हणत गेलो तर ती येणार कोठून? लाइपझिगजवळ विट्सनिट्स येथे जुन्या लिग्नाइट क्षेत्रावर ६५० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. जिथून कोळसा काढला तिथेच कोळशाला पर्याय उभा राहतो, यात मला काहीही गैर दिसत नाही.

---

गवताळ

@उन्हाळी, आपला प्रश्न रास्त आहे आणि सगळी खाणभूमी निसर्गासाठी मागावी असे माझे म्हणणे नाही. मोठ्या खाणपट्ट्यात शेतीसाठी सपाट केलेला, दाबलेला, जैवविविधतेच्या दृष्टीने सामान्य भागही पुष्कळ असतो. तेथे सौरप्रकल्प व्हावेत आणि सौरपट्टिकांखाली गवत राखावे. आक्षेप आहे तो क्रमाला. आधी प्रकल्पाची रेषा आखायची, मग तिच्या आत कोणते जीव आहेत ते मोजायचे आणि शेवटी ‘बिघडलेली जमीन’ या एका शब्दावर सगळे निकालात काढायचे, असे होते. खाण बंद होण्याच्या काही वर्षे आधी संपूर्ण पट्ट्याचा अधिवास-नकाशा तयार झाला, तर कोणता तुकडा ऊर्जेला आणि कोणता निसर्गाला हे भांडणाशिवाय ठरू शकते. वाळूचे चल उतार, उथळ पाण्याचे काठ आणि उभे कडे हे आकारमानाने थोडे असतात. ते सोडून दिल्याने प्रकल्पाचे फारसे नुकसान होत नाही, पण ते गेले तर दुसरीकडे मिळत नाहीत.

---

शिलालेख

एक अगदी वेगळा प्रकार येथे नोंदवतो, कारण ‘प्रदूषण दूर करणे म्हणजे निसर्गरक्षण’ हे समीकरण तेथे पूर्णपणे उलटते.

इंग्लंडच्या उत्तर भागातील पेनाइन डोंगरांत शिसे आणि जस्ताच्या शेकडो वर्षे जुन्या खाणी आहेत. त्यांच्या कचऱ्यात धातूंचे प्रमाण इतके जास्त आहे की सामान्य गवत तेथे तग धरत नाही. पण धातू सहन करणाऱ्या मोजक्या वनस्पतींना नेमकी तीच जागा मिळते आणि त्यांचा एक स्वतंत्र समूह तयार होतो. युरोपीय संघाच्या अधिवासविषयक निर्देशात या धातुसह गवताळ भूमीला ६१३० हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या क्षेत्रांत ती राखणे हे कायदेशीर कर्तव्य आहे; ब्रिटन आता संघाबाहेर असला, तरी हे संरक्षण तेथील कायद्यात कायम आहे. आता त्याच कचऱ्यातून शिसे नदीत वाहून जाते, म्हणून तो स्वच्छ मातीने झाकावा अशी मागणी होते, आणि नदीच्या दृष्टीने ती चुकीची नाही. झाकला तर एक संरक्षित अधिवास गाडला जातो आणि उघडा ठेवला तर दुसरा दूषित होतो. नदीकाठचा धुपणारा भाग बांधून घ्यायचा आणि वरचा स्थिर भाग उघडा ठेवायचा, हा मध्यममार्ग मला योग्य वाटतो. मात्र त्यासाठी अभियंता आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच टेबलावर बसले पाहिजेत.

आणखी एक धोका आता उभा राहतो आहे. बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या धातूंची मागणी वाढल्यामुळे जुन्या खाणकचऱ्याकडे पुन्हा खनिज म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. २०२४ च्या युरोपीय महत्त्वपूर्ण कच्चा माल अधिनियमात तर जुन्या खाणकचऱ्यातील अशा धातूंच्या नोंदी गोळा करण्याची तरतूदच आहे. पुनर्वापर म्हणून हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या ढिगाऱ्यांवर शतकभर कोणी हात ठेवला नाही, म्हणून तेथे काहीतरी अनोखे वाढले, तेच ढिगारे आता पहिले लक्ष्य ठरतील.

---

अधोरेखित

कायद्याच्या अंगाने दोन भारतीय उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दिल्लीच्या दक्षिण कडेला असलेले असोला भट्टी अभयारण्य हे पूर्वीच्या बदरपूर वाळू आणि दगडाच्या खाणींचे क्षेत्र आहे. असोलाचा भाग १९८६ मध्ये आणि भट्टीचा १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथून जवळच गुरुग्राममध्ये अरावली जैवविविधता उद्यान आहे. तीही जुनी दगडखाण. नागरिकांनी आणि पर्यावरणतज्ज्ञांनी स्थानिक जाती लावून ते वाढवले आणि २०२२ मध्ये त्याला भारतातील पहिले ‘ओईसीएम’, म्हणजे संरक्षित क्षेत्रांच्या यादीबाहेरचे पण प्रत्यक्षात संवर्धन करणारे क्षेत्र, अशी मान्यता मिळाली.

दोन्हींचा दर्जा सारखा नाही. अभयारण्यात काय करता येते आणि काय नाही हे कायदा सांगतो आणि उल्लंघन झाले तर न्यायालयात जाता येते. ओईसीएम ही मान्यता आहे. तिला जगभर प्रतिष्ठा आहे, २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यातील ३० टक्के क्षेत्र राखण्याच्या उद्दिष्टात ती मोजली जाते, पण तिच्या आधारे रस्ता किंवा इमारत अडवता येईलच असे नाही. उलट बाजूने पाहता, नुसत्या अधिसूचनेने निसर्ग सुधारत नाही. असोला भट्टीत वेडी बाभूळ इतकी पसरली आहे की स्थानिक झुडपांना जागा उरत नाही, आणि अरावली उद्यानात मात्र तीच काढून धौ हे अरावलीतील स्थानिक झाड आणि त्याचे सोबती लावले गेले. माझ्या मते कायद्याचे कवच आणि लोकांचे हात, दोन्ही लागतात. त्यांपैकी एकच मिळणार असेल, तर मी आधी कायद्याचे कवच मागेन, कारण लावणारे लोक दहा वर्षांनी बदलतात.

---

मातीकाम

मी खाणउद्योगात नोकरी करतो, म्हणून चालकांची बाजू सांगतो. चालू खाणीत एखाद्या कड्यावर दुर्मीळ पक्ष्याने घरटे केले की व्यवस्थापकाच्या मनात पहिला विचार येतो तो भीतीचा. ही जागा उद्या संरक्षित ठरली तर उत्खनन थांबेल. म्हणून घरटी होण्याआधीच कडे मोडून टाकायचे, डबकी बुजवायची, असे प्रकार होतात. यात दुष्टावा नसतो, नियमच तसे वागायला लावतात.

नेदरलँड्समध्ये यावर ‘तात्पुरता निसर्ग’ अशी कल्पना राबवली गेली आहे. जागा मोकळी असेपर्यंत जीवांना येऊ द्यायचे, त्यांच्यासाठी डबकी आणि उतार मुद्दाम राखायचे, आणि पुढे ठरलेले काम करण्याची परवानगी आधीच हातात असायची. काम योग्य ऋतूत आणि जीव हलवण्याची काळजी घेऊन करायचे, एवढी अट. उघड्या जागी येणारे काही भेक किंवा वाळूत बिळे करणारे पक्षी यांना एरवीही वारंवार नवी जागा शोधण्याची सवय असते, त्यामुळे त्यांना यातून फायदाच होतो.

---

कातळ

@मातीकाम, आपण मोकळेपणाने लिहिले, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे चालू खाणीपुरते मला मान्य आहे. पण हीच सवलत बंद झालेल्या खाणीला दिली, तर ‘तात्पुरता’ हा शिक्का कायमचा चिकटतो. म्हणून सवलतीला शेवटची तारीख हवी. खाणबंदीचा आराखडा मंजूर झाला त्या दिवशी ती संपली पाहिजे, आणि सवलतीच्या काळात जे जीव आले त्यांच्यासाठी अंतिम आराखड्यात काही निश्चित क्षेत्र राखून ठेवणे बंधनकारक असले पाहिजे.

---

पाणलोट

पैशाचा मुद्दा अर्धवट राहिला होता. खाण सुरू करतानाच पुनःस्थापनाच्या खर्चाइतकी हमी किंवा ठेव घ्यायची, ही पद्धत अनेक देशांत आहे. पण हमी कोणत्या स्वरूपात घेतली यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतील काही राज्यांत मोठ्या कोळसा कंपन्यांना केवळ त्यांच्या आर्थिक पतीवर हमी देण्याची मुभा होती. २०१५-१६ मध्ये त्यांपैकी काही दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा त्या हमीमागे प्रत्यक्ष पैसा नसल्याचे उघड झाले. शिवाय हमीची रक्कम साधारणपणे उतार सारखे करणे आणि हिरवळ उगवणे एवढ्यापुरती मोजली जाते. पन्नास वर्षे पाणी शुद्ध करण्याचा आणि क्षेत्र राखण्याचा खर्च तिच्यात धरलेला नसतो. निसर्गक्षेत्रासाठी स्वतंत्र कायमनिधी असावा, त्याचे व्याज वापरले जावे आणि मुद्दल कंपनीच्या ताळेबंदाबाहेर असावे.

---

नवीनवाचक

चर्चा वाचून एक शंका आली. एखाद्या संस्थेने जमीन विकत घेतली, निधीही उभा राहिला. तरी जमिनीखाली अजून खनिज उरलेले असेल आणि पुढे त्याचा भाव वाढला, तर खाण पुन्हा सुरू होऊ शकते का?

---

गवताळ

@नवीनवाचक, होऊ शकते, आणि माझ्या मूळ लेखनात हा भाग आला नव्हता. अनेक देशांत जमिनीचा पृष्ठभाग आणि खालचे खनिज यांचे हक्क वेगवेगळे असतात. जर्मनीच्या १९८० च्या खाणकायद्यात कोळशासारखी महत्त्वाची खनिजे जमीनमालकाची मानलेली नाहीत. अमेरिकेतही पृष्ठभाग एकाचा आणि खनिज दुसऱ्याचे, असे सर्रास आढळते. म्हणजे खरेदीखत तुमच्या नावावर असले, तरी खनिजाचा परवाना दुसऱ्याला मिळू शकतो.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २००० मधील अम्मानच्या अधिवेशनात आपल्या वर्गवारीतील १ ते ४ या प्रकारच्या संरक्षित क्षेत्रांत खाणकाम नको अशी शिफारस केली होती. पण ती शिफारस आहे, आणि मुळात त्या वर्गवारीत नाव यायला बहुतेकदा आधी शासनाची मान्यता लागते. म्हणून @अधोरेखित यांचा ‘आधी कायद्याचे कवच’ हा क्रम मला आता अधिक पटतो. जमीन घेण्याबरोबरच दोन गोष्टी तपासाव्यात. त्या क्षेत्रावरील खनिज परवाना औपचारिकरीत्या परत केला गेला आहे का, की तो नुसता वापराविना पडून आहे? आणि नवा परवाना देताना त्या क्षेत्राचा संरक्षित दर्जा विचारात घेण्याचे बंधन खनिज विभागावर आहे का? परवाना जिवंत असेल तर तो सोडून देण्याची अट विक्रीच्या करारातच घालावी. खाण बंद होताना कंपनीलाही जबाबदारीतून मोकळे व्हायचे असते, त्यामुळे ही अट मान्य करून घेण्याची संधी तेव्हाच असते.

---

मातीकाम

@गवताळ, याला दुजोरा देतो. बंदीच्या टप्प्यावर कंपनीला सर्वांत जास्त हवा असतो तो जबाबदारी संपल्याचा दाखला. तो दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने परवाना सोडल्याचे पत्र आणि अधिवास-नकाशा हे दोन्ही फाइलला जोडल्याशिवाय सही करू नये, असा नियम झाला तर आमच्याकडून ते कागद वेळेत तयार होतील.